‘दर जानेवारीला आमचा संघ रिकामा होतो, मी अजून पैसे का देऊ?’

वाचकाचं पत्र

मी मूळची परभणीची. तिथल्या कृषी विद्यापीठातून एम.एस्सी. करून 2002 साली पुलमनला, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत गव्हावर पीएच.डी. करायला आले. अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रूममेटनं मला मार्टिन स्टेडियमला ओढून नेलं आणि मी जी ‘कूग’, म्हणजे इथल्या कूगर्स संघाची चाहती, झाले ती आजतागायत. आता याच राज्यात नोकरी करते. सीझन तिकीट आहे, आणि खेळाडूंसाठी पैसे उभे करणाऱ्या कलेक्टिव्हला मी दरमहा पैसे देते.

पण आता डोकं फिरायची वेळ आली आहे. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, कॅम वॉर्ड मायामीला गेला. त्याच्यानंतरचा जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला. कोच डिकर्ट गेले, त्यांच्या जागी आलेले रॉजर्स एका हंगामात गेले. जानेवारीत पुन्हा ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नावांची रांग. ज्याची जर्सी घ्यावी तो वर्षभरात दुसऱ्याच्या जर्सीत दिसतो. या वेळी माझा तोल सुटला. जाणाऱ्या एका मुलाला मी इन्स्टाग्रामवर ‘खाल्ल्या मिठाला जागला नाहीस’ अशा अर्थाचं आणि त्याहून बरंच वाईट लिहिलं. त्यात माझ्या मुलानं सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी हस्कींकडे, प्रवेश घेतलाय. रागात त्यालाही ‘तूही त्यातलाच’ म्हणाले. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

पैसे देणं बंद करू का? तिकीट सोडू का? आणि हा राग जाईल कसा?

– थकलेली कूग

प्रिय ताई,

‘शेवटी खेळच आहे, सोडून दे’ असं तुम्हाला आतापर्यंत पुष्कळांनी ऐकवलं असेल. मी ते म्हणणार नाही. परभणीहून आलेल्या, नियमही न कळणाऱ्या मुलीला अनोळखी हजारो माणसांनी पहिल्याच दिवशी आपल्यात घेतलं, तिच्या गळ्यात लाल-करडा मफलर घातला. परदेशात नव्यानं आलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोठी वाटते, ते नव्यानं आलेल्यालाच माहीत. त्यामुळे तुमचं दुःख खरं आहे. तो राग तुम्ही कुणावर काढता आहात, एवढाच माझा तुमच्याशी वाद आहे.

तुमचा संघ मोडला तो कुठल्याही खेळाडूमुळे नाही. तारीखच सांगायची तर 4 ऑगस्ट 2023. वर्षभर आधी यूएससी आणि यूसीएलए यांनी पॅक-12 ही तुमची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, सोडून बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जायचं जाहीर केलं होतं, मग कोलोराडो निघालं. आणि त्या शुक्रवारी ओरेगन व युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोनाची दोन्ही विद्यापीठं आणि युटा बिग 12 कडे गेली. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल यांनी अटलांटिक किनाऱ्याची कॉन्फरन्स धरली. सन 1915 पासून चालत आलेल्या परंपरेत उरले दोघंच, तुम्ही आणि ओरेगन स्टेट.

हे टीव्हीच्या पैशांमुळे झालं. बिग टेननं 2022 साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून मोठा करार केला. त्या टेबलावर शहराचा आकार मोजतात, टीव्हीसमोर किती घरं बसतात ते मोजतात. गव्हाच्या टेकड्यांमधलं पुलमन त्या मोजमापात कुठे बसणार? मग खेळाची परंपरा, शंभर वर्षांचे शेजार, विद्यार्थ्यांचा प्रवास, कशाचाच विचार झाला नाही. तुमच्या विद्यापीठानं निदान मान खाली घातली नाही. ओरेगन स्टेटला बरोबर घेऊन पुलमनपासून जवळच्याच कोलफॅक्सच्या कोर्टात दावा लावला आणि कॉन्फरन्सचा ताबा मिळवला. त्यातूनच बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोराडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल नसलेलं गोंझागा यांना घेऊन जुलै 2026 पासूनची नवी पॅक-12 उभी राहिली. या लढाईचा अभिमान बाळगा, तो रास्त आहे. पण मनाशी एक कबूलही करा. बिग टेनचं बोलावणं पुलमनला आलं असतं, तर तुमचं विद्यापीठही निघालं असतं आणि तुम्ही त्या दिवशी पेढे वाटले असते.

आता जाणाऱ्यांची यादी पुन्हा बघू या. तुम्ही आलात त्याच वर्षी, 2002 च्या डिसेंबरात, संघ रोझ बोल या मानाच्या सामन्याला पोहोचलेला असताना हेड कोच माइक प्राइस यांनी अलाबामाची नोकरी घेतली. नंतरचे कोच माइक लीच 2020 च्या सुरुवातीला मिसिसिपी स्टेटला गेले. डिकर्ट वेक फॉरेस्टला, रॉजर्स आयोवा स्टेटला. मटीरला घडवणारे कोच बेन आर्बकल त्याच्या आधीच ओक्लाहोमाला पोहोचले होते. आणि तुमचे ॲथलेटिक डायरेक्टर पॅट चन मार्च 2024 मध्ये थेट हस्कींच्या ऑफिसात जाऊन बसले. यांतल्या कुणाला तुम्ही इन्स्टाग्रामवर शिव्या लिहिल्यात? पत्रात डिकर्ट आणि रॉजर्स फक्त ‘गेले’. मीठ काढलंत ते त्या मुलाचं.

आणि मीठ नेमकं कुणी कुणाचं खाल्लं, तेही पाहायला हवं. कॉलेज फुटबॉलवर अब्जावधींची उलाढाल होत होती तेव्हा मैदानावर डोकं आपटून घेणाऱ्या मुलाला मिळत होती स्कॉलरशिप, जेवण आणि राहायची जागा. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर त्याला एक अख्खं वर्ष बाहेर बसावं लागे. कोचला असं कधी बसावं लागलं नाही. हे सगळं बदललं ते बऱ्याच अंशी कोर्टाच्या आणि कायद्याच्या दबावानं, आणि फार उशिरा. ट्रान्सफर पोर्टल 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झालं. एप्रिल 2021 मध्ये एकदा न बसता जायची मुभा मिळाली. त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमावायची परवानगी आली, आणि एप्रिल 2024 पासून अभ्यासात पास असेल तो कितीही वेळा जाऊ शकतो. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची, 2025-26 ची, मर्यादा होती प्रत्येक विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलर. बिग टेनमधली बडी विद्यापीठं ती गाठतात. पुलमनच्या तिजोरीला ते झेपत नाही. मग तुमच्याकडे तयार झालेला चांगला क्वार्टरबॅक दिसला, की पैसेवाले त्याला उचलतात. हे तुम्हाला आवडावं असं मी म्हणत नाही. मलाही आवडत नाही. बारावीतल्या मुलाच्या घरी जाऊन आई-वडिलांसमोर बसायचं, त्याला चार वर्षांत घडवायचं, ही कोचची जुनी कारागिरी त्यात मरते आहे. तयार खेळाडू जानेवारीच्या पंधरा दिवसांत मिळत असेल, तर कच्च्या पोरावर कष्ट कोण घेणार? छोट्या गावातल्या, एकाही स्टारचं रेटिंग नसलेल्या मुलाला त्यामुळे दार उघडणं कठीण झालंय. पोर्टलमध्ये नाव टाकणाऱ्या सगळ्यांना नवं घर मिळतं असंही नाही, काहीजण असलेली स्कॉलरशिपही घालवून बसतात. व्यवस्था बिघडलेली आहे. पण ती त्या मुलांनी बिघडवलेली नाही.

शिवाय दुसरीकडून आलेल्या खेळाडूंनी तुम्हाला काय दिलं तेही आठवा. क्वार्टरबॅक गार्डनर मिन्शू पुलमनचा नव्हताच. तो ईस्ट कॅरोलायनाहून आला, अलाबामाला राखीव म्हणून जायचं जवळजवळ ठरलेलं असताना लीच यांनी त्याला वळवलं. सन 2018 च्या त्या हंगामात 11 विजय, विद्यापीठाच्या इतिहासातले सर्वाधिक! स्टेडियमभर लोक त्याच्यासारख्या खोट्या मिशा लावून बसले होते, आणि तुमच्या घरातही तशी एखादी मिशी ड्रॉवरमध्ये पडलेली असेल अशी माझी पक्की खात्री आहे. ईस्ट कॅरोलायनाच्या मीठाचा हिशेब तेव्हा कुणी काढला नाही.

कॅम वॉर्डचंही तसंच. टेक्ससमधल्या ज्या शाळेत तो खेळला तिथे चेंडू फेकण्यापेक्षा घेऊन पळण्यावर भर होता, म्हणून त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. स्कॉलरशिप देऊ केली ती सॅन अँटोनियोच्या छोट्या इन्कार्नेट वर्डनं. तिथून तो 2022 मध्ये तुमच्याकडे आला, म्हणजे ट्रान्सफर होऊनच. दोन हंगाम मनापासून खेळला, मग मायामीला गेला आणि 2025 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, सगळ्यांत पहिला निवडला गेला. मटीरनं 2024 मध्ये फेकून 29 आणि पळून 15 टचडाउन केले. सिएटलमध्ये हस्कींना 24-19 असं हरवलं तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. त्या संध्याकाळी त्यानं तुम्हाला जे दिलं ते त्याच्या ओक्लाहोमाला जाण्यानं परत घेतलं जात नाही. तुम्ही काही दिलंत, त्यानं काही दिलं. दोघांचं फिटलं.

आणखी एक विचारू का? परभणीच्या विद्यापीठानं तुम्हाला शिकवलं, तिथल्या सरांनी शिफारसपत्रं लिहिली, आणि तुम्ही अधिक चांगली प्रयोगशाळा नि असिस्टंटशिप मिळाली म्हणून पुलमनला आलात. योग्यच केलंत. तुम्हाला तेव्हा कुणी खाल्ल्या मिठाची आठवण करून दिली असती, तर तुम्हाला कसं वाटलं असतं?

आता त्या मेसेजबद्दल. इथे मी कठोर होणार आहे. तो डिलीट करा आणि त्या मुलाला दोनच ओळी लिहा, की मी लिहिलं ते चुकीचं होतं, माफ कर, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. बस. आपल्याला किती दुःख झालं, आपण किती वर्षांच्या चाहत्या आहोत, काही सांगू नका. उत्तर येईल अशी अपेक्षाही ठेवू नका. पुलमनच्या माणसाला हे जास्त कळायला हवं असं मला वाटतं. जानेवारी 2018 मध्ये टायलर हिलिन्स्की हा तुमचा एकवीस वर्षांचा क्वार्टरबॅक आत्महत्या करून गेला. का, ते त्याच्या आई-वडिलांनाही पूर्ण उलगडलं नाही. नंतर त्याच्या मेंदूत खेळातल्या आघातांनी होणाऱ्या सीटीई या आजाराच्या खुणा सापडल्या. चाहत्यांच्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध जोडणं चूक ठरेल, मी तो जोडत नाही. पण हेल्मेटच्या आत किती लहान, किती एकटा मुलगा असू शकतो हे त्यानंतर पुलमननं विसरू नये. त्याच्या आई-वडिलांनी त्याच्या नावानं खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी ‘हिलिन्स्कीज होप’ ही संस्था उभी केली आहे. कलेक्टिव्हचा एक महिन्याचा हप्ता तिकडे पाठवलात तर मला बरं वाटेल.

हप्त्याचं म्हणाल तर, बंद करा. माझं मत स्पष्ट आहे. कलेक्टिव्हला दिलेला पैसा म्हणजे या वर्षीच्या खेळाचा मोबदला, त्यात पुढच्या वर्षीची निष्ठा धरलेली नसते. ज्याला हे मान्य आहे आणि जानेवारीत ज्याची झोप उडत नाही, त्यानं खुशाल द्यावा. संघाला त्याची गरज आहे हे मी नाकारत नाही. उद्या सगळ्यांनीच हात आखडता घेतला तर पुलमनची अवस्था आणखी बिकट होईल. पण तुम्ही तो पैसा आहेर म्हणून देता आणि मनात उसनं म्हणून मांडून ठेवता. असा पैसा देणाऱ्यालाही त्रास देतो आणि घेणाऱ्यालाही. शिवाय बाकीच्या खेळांकडे बघा. फुटबॉलची शर्यत परवडावी म्हणून कुठे कुठे कात्री लागली, त्याकडे चाहत्यांचं फारसं लक्षच गेलं नाही. जून 2025 मध्ये तुमच्या विद्यापीठानं ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीच्या स्पर्धा बंद केल्या, धावण्यात मुख्य भर लांब पल्ल्यावर ठेवला. भालाफेक करणाऱ्या मुलीसाठी कुणी कलेक्टिव्ह काढत नाही, ताई.

तो पैसा तुमच्याच विभागातल्या विद्यार्थ्यांसाठी द्या. तुम्ही गव्हातल्या आहात, तुम्हाला मी काय सांगू? ऑरव्हिल व्होगेल यांनी पुलमनला बुटक्या जपानी गव्हाचे संकर केले, ते बियाणं नॉर्मन बोरलॉग यांना मेक्सिकोत पाठवलं, आणि तिथून तयार झालेले वाण पुढे भारतात आले. साठच्या दशकात आपल्याकडे धान्याची बोटींनी आयात होत असताना ज्या गव्हानं चित्र पालटलं, त्याच्या वंशावळीत तुमचं गाव आहे. तिथे आज शिकायला आलेला मुलगा परभणीचा असो की तुमच्याच राज्यातल्या यकिमाचा, त्याला मदत केलीत तर जानेवारीत तो पोर्टलमध्ये जाणार नाही. आणि गेलाच दुसरीकडे, तर तुम्हाला आनंदच होईल.

तिकीट मात्र सोडू नका. तिथे व्यवहार सरळ आहे, पैसे दिले की शनिवार मिळतो. दोस्तमंडळी, पार्किंगमधली शेगडी, फर्डिनंड्सचं आइस्क्रीम, ‘गो कूग्स’ अशी आरोळी. यातलं काहीच कोणी ट्रान्सफर करू शकत नाही. तुमचा मुलगा जन्मला त्या वर्षीचा, 2008 चा हंगाम आठवतो का? 2 विजय, 11 पराभव. पोर्टल नव्हतं, पैसे नव्हते, कुणी पळून गेलं नव्हतं आणि संघ तरीही भयंकर होता. तुम्ही त्या वर्षी तिकीट सोडलं नाहीत ना? त्यातलाच एक विजय ॲपल कपचा, म्हणजे हस्कींविरुद्धच्या पारंपरिक सामन्यातला होता, 16-13, तोही दोन ओव्हरटाइम खेळून. म्हणजे तुमचं प्रेम कधीच क्वार्टरबॅकवर अवलंबून नव्हतं. नवे कोच कर्बी मूर किती दिवस राहतील याची पैज मी लावणार नाही. जर्सी घ्यायचीच तर नाव नसलेली घ्या.

राग उरेलच थोडा. तो जिथे उपयोगी पडेल तिथे लावा. विद्यापीठाचे रीजंट्स, म्हणजे नियामक मंडळाचे सदस्य, राज्याचे गव्हर्नर नेमतात आणि त्यांच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ असतो. ॲथलेटिक्सच्या कर्जाचा आणि कात्रीचा हिशेब तिथे जाऊन मागा. तुमच्याच राज्याच्या सिनेटर मारिया कँटवेल यांनी 2025 मध्ये जे विधेयक मांडलं, त्यात सगळ्या विद्यापीठांना टीव्हीचे हक्क एकत्र विकता यावेत यासाठी 1961 चा प्रसारण कायदा बदलायची तरतूद आहे. ते झालं तर पुलमनसारख्या गावांना थोडा श्वास घेता येईल. त्यांना पत्र लिहा. इन्स्टाग्रामवर लिहिलंत तितक्याच तळमळीनं लिहा, शब्द मात्र वेगळे वापरा.

राहिला मुलगा. तुमच्या पत्रातली मला सर्वांत जास्त टोचलेली ओळ फुटबॉलबद्दलची नाही, ‘तूही त्यातलाच’ ही आहे. अठरा वर्षांच्या पोरानं त्याला हवा तो विषय, त्याला जमेल ते शहर बघून कॉलेज निवडलं. त्यात आईला सोडून जाण्याचा हेतू नव्हता. तुम्ही मात्र त्याला त्याच रांगेत उभं केलंत, ज्या रांगेतल्या अनोळखी मुलाला शिव्या घातल्या होत्या. घरात वाढलेल्या मुलाला आईचा कूग असणं लहानपणापासून माहीत असतं. त्यानं हस्कींचा जांभळा शर्ट घालून फिरण्यात तुम्हाला चिडवणं असेल, पण चिडवतो म्हणजे अजून तुमच्याशी खेळू बघतो आहे. त्याला असं खेळू द्या.

त्याच्याशी बोलताना फुटबॉलपासून सुरुवात करू नका. ‘मी जे म्हणाले ते चुकलं’ एवढं आधी म्हणा, मग तो कोणता विषय घेणार, कुठल्या वसतिगृहात राहणार ते विचारा. त्याच्या खोलीत लागणाऱ्या वस्तू आणायला बरोबर जा. दुकानात त्यानं जांभळी चादर उचलली तर पैसे तुम्ही द्या. त्याला सोडायला सिएटलला जाल तेव्हा गाडीवरचा कूगरचा स्टिकर काढायची काही गरज नाही.

ॲपल कपची मालिका 2028 पर्यंत ठरलेली आहे आणि 2026 चा सामना हस्कींच्या मैदानावर आहे. दोन तिकिटं शेजारशेजारची काढा, आणि त्याला आत्ताच विचारा, कारण विद्यार्थी आपल्या मित्रांबरोबर जायचं लवकर ठरवून टाकतात. तो मित्रांबरोबर बसायचं म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. सामन्यानंतर जेवायला भेटायचं ठरवा, आणि जो हरेल त्यानं बिल द्यायचं.